अमेरिकेचें परराष्ट्र-साहाय्य खातें व त्याचें दप्तर

१. विषयप्रवेश

जुन्या मोडी कागदांच्या शोधास वाहिलेल्या या त्रैमासिकांत अमेरिकेच्या एका सरकारी खात्याविषयीं लेख यावा, हें पाहून कित्येक वाचकांस नवल वाटेल. जें खातें १९६१ सालीं जन्मास आलें आणि २०२५ सालीं लयास गेलें, तें इतिहासाचा विषय होण्याइतकें जुनें झालें नाहीं, असाहि आक्षेप कोणी घेईल. त्यावर प्रस्तुत लेखकाचें म्हणणें इतकेंच कीं, कोणतीहि संस्था ज्या दिवशीं आपलें दप्तर बंद करते, त्या दिवशींच ती इतिहासकाराच्या हवालीं होते. पुढें तें दप्तर टिकतें कीं नाहीं, कोणाच्या हातीं जातें, त्यांतले कोणते कागद वांचतात, यावर तिच्याविषयीं शंभर वर्षांनीं काय लिहिलें जाईल तें ठरतें.

‘यूएसएड’ या संक्षिप्त नांवानें ओळखलें जाणारें हें खातें परदेशांस द्रव्य, धान्य, औषधें व तज्ज्ञ पुरविण्याचें अमेरिकी सरकारचें मुख्य साधन होतें. १ जुलै २०२५ रोजीं त्याचें साहाय्याचें काम अधिकृतपणें थांबलें. आपल्याकडे त्याजविषयीं दोन मतें ऐकूं येतात. एका मतानें त्या खात्याचे आपणांवर मोठे उपकार आहेत. दुसऱ्या मतानें तें परकीय वर्चस्वाचें एक जाळें होतें. दोन्ही मतें मांडणाऱ्यांत कागद पाहिलेले थोडे. म्हणून या खात्याची उत्पत्ति, आपल्या देशाशीं व प्रांताशीं आलेला त्याचा संबंध, त्याच्या अंताचीं कारणें, आणि मागें राहिलेल्या कागदांची अवस्था, या चार गोष्टी येथें क्रमानें सांगावयाच्या आहेत. शेवटची गोष्ट आपणां संग्राहकांच्या विशेष जिव्हाळ्याची आहे.

२. उत्पत्ति

दुसऱ्या महायुद्धानें युरोप उद्ध्वस्त झाला होता. ५ जून १९४७ रोजीं अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉर्ज मार्शल यांनीं हार्वर्ड विद्यापीठांतील भाषणांत त्याच्या पुनर्रचनेची कल्पना मांडली. ३ एप्रिल १९४८ रोजीं तिचा कायदा झाला, आणि पुढील चार वर्षांत सुमारें १३ अब्ज डॉलर पश्चिम युरोपांत खर्च झाले. हीच प्रसिद्ध ‘मार्शल योजना’ होय. पुढें २० जानेवारी १९४९ रोजीं अध्यक्ष हॅरी ट्रूमन यांनीं अधिकारग्रहणाच्या भाषणांत परराष्ट्र-धोरणाचीं चार कलमें सांगितलीं. त्यांपैकीं चवथें कलम, दरिद्री देशांस शास्त्रीय व तांत्रिक ज्ञानाचें साहाय्य द्यावें, असें होतें. त्यावरून त्या कार्यक्रमास ‘पॉइंट फोर’ हें नांव पडलें.

त्यानंतरच्या बारा वर्षांत हें काम करणाऱ्या कचेरीचें नांव व तिचा वरिष्ठ वारंवार पालटला. १९५१, १९५३ व १९५५ या तिन्ही सालीं तिची नव्यानें घडण झाली. अखेर ४ सप्टेंबर १९६१ रोजीं अध्यक्ष जॉन केनेडी यांनीं परराष्ट्र-साहाय्य कायद्यावर सही केली, आणि ३ नोव्हेंबर १९६१ रोजीं अध्यक्षीय हुकुमान्वयें सर्व फुटकळ कचेऱ्या एकत्र करून यूएसएडची स्थापना झाली. फाउलर हॅमिल्टन हे तिचे पहिले प्रशासक. खात्याची स्थापना कायद्याच्या कलमानें न होतां हुकुमानें झाली, ही बारीकशी गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. अंतकाळच्या वादांत तिचा उल्लेख पुन्हा येईल.

या खात्याची कामाची रीत अशी होती. वॉशिंग्टन येथें मुख्य कचेरी. ज्या देशास साहाय्य द्यावयाचें त्याच्या राजधानींत एक शाखा. शाखेंत थोडे अमेरिकन व पुष्कळसे तद्देशीय नोकर. प्रत्यक्ष काम बहुधा खात्यानें स्वतः करूं नये, तर विद्यापीठें, धर्मादाय मंडळ्या व ठेकेदार कंपन्या यांच्याशीं करार करून तें करवून घ्यावें, असा परिपाठ होता. त्यामुळें एकाच कामाचे कागद तीन ठिकाणीं निर्माण होत: मुख्य कचेरींत, ठेकेदाराकडे, आणि साहाय्य घेणाऱ्या देशांत. ही त्रिस्थळी विभागणीहि पुढें आपल्या उपयोगीं पडणार आहे.

३. भारताशीं संबंध

भारतास अमेरिकेचें साहाय्य यूएसएडच्या जन्मापूर्वींच मिळूं लागलें होतें. १९५१ सालीं धान्याची टंचाई असतां अमेरिकेनें खास कायदा करून १९ कोटि डॉलरांचें कर्ज दिलें व त्यांतून २० लक्ष टन धान्य घेण्याची सोय झाली. ५ जानेवारी १९५२ रोजीं दिल्ली येथें दोन्ही देशांमध्यें तांत्रिक सहकार्याचा करार झाला. त्याच वर्षीं २ ऑक्टोबर रोजीं ५५ ठिकाणीं सुरू झालेल्या सामूहिक विकास योजनेस, आणि १९५३ सालच्या हिंवतापविरोधी मोहिमेस, या साहाय्याचा आधार होता. खेड्यापाड्यांतून घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारणारीं माणसें ज्यांस आठवतात, त्यांस या कराराचें फळ पाहावयास मिळालें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

यूएसएडच्या काळांत शिक्षणावर विशेष भर पडला. कानपूरच्या तंत्रविज्ञान संस्थेस १९६२ ते १९७२ या दहा वर्षांत अमेरिकेंतील नऊ विद्यापीठें व संस्था यांच्या मंडळानें अध्यापक, यंत्रें व ग्रंथ पुरविले. याच सुमारास मुंबईच्या पवई येथील तशाच संस्थेस रशियाचें साहाय्य मिळत होतें. एकाच देशांत दोन प्रतिस्पर्धी सत्तांनीं शेजारीं शेजारीं विद्यालयें उभारावीं, यावरून त्या काळच्या दानाचा हेतु सहज कळून येतो. कृषि-विद्यापीठांच्या बाबतींत यूएसएडनें सहा अमेरिकन विद्यापीठें निरनिराळ्या प्रांतांस नेमून दिलीं होतीं. त्यांत महाराष्ट्राच्या वांट्यास पेनसिल्व्हानियाचें राज्य-विद्यापीठ आलें.

आपल्या प्रांतांतील सर्वांत ठळक खूण मात्र तारापूर येथील अणुवीज केंद्र ही होय. १९६३ सालीं या केंद्रासाठीं यूएसएडनें ८ कोटि डॉलरांचें कर्ज दिलें, आणि ऑक्टोबर १९६९ मध्यें केंद्रांतून विजेचा नियमित पुरवठा सुरू झाला. तुर्भ्याच्या खत-कारखान्यासहि अमेरिकी कर्जाचें साहाय्य होतें. पुढें लोकसंख्या व आरोग्य यांच्या पाहण्यांचें युग आलें. यूएसएडनें १९८४ सालीं अनेक देशांत एकाच पद्धतीच्या आरोग्य-पाहण्यांचा कार्यक्रम सुरू केला. आपल्याकडील पहिली राष्ट्रीय कुटुंब-आरोग्य पाहणी १९९२–९३ सालीं त्याच धर्तीवर व त्याच साहाय्यानें झाली, आणि तिची सूत्रें मुंबईच्या देवनार येथील लोकसंख्या-विज्ञान संस्थेकडे होतीं. म्हणजे महाराष्ट्रांतील कुटुंबांच्या पोषणाविषयीं, बालमृत्यूविषयीं जे आंकडे आज अभ्यासक वापरतात, त्यांची परंपरा थेट या खात्यापर्यंत पोंचते.

४. धान्य, रुपये आणि ग्रंथ

सामान्य जनांच्या तोंडीं मात्र यूएसएडचें नांव कधीं नव्हतें. त्यांच्या ओळखीचें नांव होतें ‘पी. एल. ४८०’. हा १० जुलै १९५४ चा अमेरिकी कायदा. त्या देशांत धान्याचीं कोठारें तुडुंब भरलीं होतीं. तें धान्य मित्रराष्ट्रांस त्यांच्याच चलनांत विकावें, अशी त्यांत तरतूद होती. कायद्याची अंमलबजावणी अमेरिकेचें शेतकी खातें व परराष्ट्र-साहाय्य खातें मिळून करीत. ऑगस्ट १९५६ मध्यें भारताशीं पहिला करार झाला. सर्वांत मोठा करार ४ मे १९६० रोजीं वॉशिंग्टन येथें झाला. त्यावर अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्यासमवेत मुंबईचे पुढारी व त्या वेळचे अन्नमंत्री स. का. पाटील यांनीं सही केली. त्या एका करारानें चार वर्षांत १ कोटि ६० लक्ष टन गहूं व १० लक्ष टन तांदूळ यावयाचा होता.

या व्यवहाराचें मर्म त्याच्या हिशेबांत आहे. गव्हाची किंमत भारत सरकार रुपयांत भरी. ते रुपये येथेंच अमेरिकेच्या खात्यावर जमा राहत. त्यांतील मोठा भाग भारतास पुन्हा कर्ज म्हणून दिला जाई, कांहीं अमेरिकी वकिलातीच्या खर्चास लागे. वर्षानुवर्षें ही शिल्लक वाढत गेली, आणि परकीय सरकारच्या हातीं आपल्या चलनाचा एवढा सांठा असावा याची चिंता येथील अर्थशास्त्रज्ञांस वाटूं लागली. अखेर १८ फेब्रुवारी १९७४ रोजीं अमेरिकेचे वकील डॅनियल मॉयनिहन यांनीं १६६४ कोटि रुपयांचा धनादेश भारत सरकारच्या स्वाधीन करून त्या रकमेवरील हक्क सोडला.

या रुपयांतील एक लहानसा ओघ ग्रंथांकडे वळला, ही गोष्ट आपल्या वाचकांस विशेष वाटेल. १९५८ सालच्या दुरुस्तीनें अमेरिकेच्या काँग्रेस-ग्रंथालयास अशा सांठलेल्या चलनांतून परदेशीं ग्रंथ विकत घेण्याची मुभा मिळाली. १९६२ सालीं त्या ग्रंथालयाची कचेरी दिल्लीस सुरू झाली, आणि भारतीय भाषांतील नवीं पुस्तकें व नियतकालिकें एकाच वेळीं अनेक प्रतींत विकत घेऊन अमेरिकेंतील निरनिराळ्या विद्यापीठांस धाडण्यांत येऊं लागलीं. त्यांत मराठीहि होती. गव्हाच्या किमतींतून मराठी पुस्तकें विकत घेतलीं गेलीं आणि तीं शिकागोसारख्या दूरच्या नगरांत जाऊन सुरक्षित बसलीं. १९६२ नंतर छापलेलें एखादें आडगांवचें पुस्तक येथें सांपडेनासें झालें, तर संशोधकानें त्या विद्यापीठांच्या सूची अवश्य पाहाव्या.

५. गाजरगवताचा प्रवाद

कागद न पाहतां बनलेल्या मतांचा एक नमुना येथें देण्यासारखा आहे. आपल्या शेतांच्या बांधांवर व ओसाड जागांवर माजणारें गाजरगवत, ज्यास कोणी काँग्रेस गवत म्हणतात, तें पी. एल. ४८० च्या गव्हांतून आलें, ही गोष्ट महाराष्ट्रांत लहानमोठा प्रत्येक मनुष्य निःशंकपणें सांगतो. प्रस्तुत लेखकानेंहि ती वर्गांत अनेक वर्षें सांगितली आहे.

आतां सनावळी पाहूं. हें तण भारतांत नव्यानें आढळल्याची नोंद आर. एस. राव या वनस्पतिशास्त्रज्ञांनीं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत १९५६ सालीं प्रसिद्ध केली, आणि तें पुणें येथें १९५५ च्या सुमारास दृष्टीस पडलें होतें. पी. एल. ४८० चा भारताशीं पहिला करार ऑगस्ट १९५६ चा. त्याचा गहूं अर्थातच त्यानंतरचा. जें तण पुण्यास आधींच उगवलें होतें, त्याचें बीज नंतरच्या गव्हांतून येणें संभवत नाहीं. १९५१ च्या कर्जाच्या धान्यांतून तें आलें असणें शक्य आहे, तशींच इतरहि द्वारें शक्य आहेत. पुढील काळच्या धान्यानें त्याचा प्रसार वाढविला नसेल, असेंहि म्हणतां येत नाहीं. परंतु लोकप्रवाद ज्या स्वरूपांत रूढ आहे, त्या स्वरूपांत तो टिकत नाहीं. एका तणाच्या बाबतींत जर दोन तारखा शेजारीं मांडण्याचे श्रम आपण साठ वर्षें घेतले नाहींत, तर खात्याच्या हेतूंविषयींचीं आपलीं मतें किती पक्कीं असतील, याचा विचार व्हावा.

६. दान कीं उपाय

आपल्या शास्त्रांत ‘दान’ हा शब्द दोन ठिकाणीं दोन अर्थांनीं येतो. धर्मशास्त्रांत दान म्हणजे वस्तूवरील स्वतःची मालकी संपवून तींत दुसऱ्याची मालकी उत्पन्न करणें. नीतिशास्त्रांत साम, दान, भेद व दंड या चार उपायांपैकीं दान हा दुसरा. तो राजानें कार्यसिद्धीसाठीं योजावयाचा. पहिल्यांत परतफेडीची इच्छा दोष मानली आहे, दुसऱ्यांत तीच प्रयोजन आहे.

यूएसएडचें दुर्दैव असें कीं, तें जन्मापासून या दोन्ही दानांचें एकच खातें होतें. धर्मशास्त्राच्या कसोटीनें पी. एल. ४८० चा गहूं हें दान नव्हेच. देणाऱ्याची मालकी रुपयांच्या रूपानें कायम होती, आणि ती सुटली १९७४ सालीं. नीतिशास्त्राच्या दृष्टीनें मात्र सर्व व्यवहार स्पष्ट होतो. १९६५ ते १९६७ च्या अवर्षणांत भारत अन्नासाठीं हातघाईस आला असतां अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनीं गव्हाचीं जहाजें एकदम न सोडतां थोडथोड्या मुदतीनें सोडलीं. शेतीचें धोरण सुधारावें आणि व्हिएतनामच्या युद्धाविषयीं भारताची भाषा सौम्य व्हावी, असे दोन्ही हेतु त्यामागें होते. त्याच काळीं अमेरिकेच्या गव्हाच्या पिकाचा सुमारें पांचवा हिस्सा भारतास आला, हेंहि तितकेंच खरें. डिसेंबर १९७१ मध्यें बांगलादेशाच्या युद्धाचे वेळीं ८ कोटि ७६ लक्ष डॉलरांचें साहाय्य एका हुकुमानें स्थगित झालें. उपायरूप दान असेंच असतें. ज्या हातानें दिलें जातें, त्याच हातानें आंखडलें जातें.

तथापि या खात्याच्या कित्येक कामांत पहिल्या प्रकारच्या दानाचा अंश निःसंशय होता. १९८४ च्या इथिओपियांतील दुष्काळानंतर, १९८५ सालीं, त्यानें पाऊस, पिकें व बाजारभाव यांच्या निरीक्षणावरून दुष्काळाची आगाऊ सूचना देणारी यंत्रणा उभारली. २००३ सालीं सुरू झालेल्या एड्सविरोधी कार्यक्रमाचा मोठा भाग त्यानें आफ्रिकेंत चालविला. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत २०२५ च्या मध्यास प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असें अनुमान आहे कीं, २००१ ते २०२१ या काळांत यूएसएडच्या साहाय्यानें सुमारें ९ कोटि १० लक्ष मृत्यु टळले, आणि तें साहाय्य बंद राहिल्यास २०३० पर्यंत १ कोटि ४० लक्षांहून अधिक जीव जातील. हें गणितानें काढलेलें अनुमान आहे, मोजदाद नव्हे. पण त्याचा दहावा हिस्सा खरा धरला तरी तो लहान नाहीं.

७. अस्त

खात्याचा अंत एकाएकीं झाला असें दिसतें, परंतु त्याचीं मुळें जुनीं आहेत. व्हिएतनाम युद्धांत हें खातें लष्कराच्या इतकें जवळ गेलें कीं, परोपकारवादी लोकांचा त्यावरील विश्वास उडाला. आणि आपला पैसा परक्यांवर कां खर्चावा, असें म्हणणारा दुसरा वर्ग तर प्रथमपासूनच विरुद्ध होता. २९ ऑक्टोबर १९७१ रोजीं अमेरिकेच्या सेनेटनें साहाय्याचें विधेयकच फेटाळलें. १९७३ सालीं दरिद्री जनतेच्या अन्न, आरोग्य व शिक्षण या गरजांकडे वळण देऊन खातें सांवरण्यांत आलें. १९९१ सालीं सोव्हिएट संघ मोडला, आणि ज्या प्रतिस्पर्ध्यासाठीं उपायरूप दान करावयाचें तोच नाहींसा झाला. त्यानंतर सेनेटर जेसी हेल्म्स यांनीं हें खातें परराष्ट्रखात्यांत विलीन करण्याचा हट्ट धरला. १९९८ च्या कायद्यानें दुसऱ्या दोन खात्यांचें विलीनीकरण झालें. यूएसएड मात्र वांचलें, इतकेंच नव्हे तर कायद्यांत त्याचा स्वतंत्र खातें म्हणून उल्लेख आला.

यानंतरचीं वर्षें वैभवाचीं दिसतात. २०२३ च्या आर्थिक वर्षांत ४० अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम या खात्याच्या हातून गेली. सुमारें १३० देशांत त्याचें साहाय्य पोंचत होतें. नोकर १० हजारांहून अधिक, त्यांपैकीं सुमारें दोन-तृतीयांश परदेशांत. तरी एकंदर परराष्ट्र-साहाय्य हें अमेरिकेच्या मध्यवर्ती खर्चाच्या शेंकडा १ च्या आसपासच होतें. ज्यांच्यावर हा पैसा खर्च होई ते अमेरिकेचे मतदार नव्हते, आणि ज्यांच्या करांतून तो येई त्यांस त्याचें फळ दिसत नसे. अशा खात्यास संकटकाळीं वाली कोण?

२० जानेवारी २०२५ रोजीं अध्यक्षपदीं पुन्हा आलेल्या डोनाल्ड ट्रम्प यांनीं सर्व परराष्ट्र-साहाय्य ९० दिवस थांबविण्याचा हुकूम काढला. २४ जानेवारीस चालू कामेंहि थांबविण्याची आज्ञा गेली. १ फेब्रुवारीस खात्याचें संकेतस्थळ बंद झालें. ३ फेब्रुवारीस नोकरांस कचेरींत न येण्याची सूचना मिळाली, आणि परराष्ट्रमंत्री मार्को रुबियो यांनीं प्रभारी प्रशासकाचा अधिकार घेतला. १० मार्च रोजीं त्यांनीं शेंकडा ८३ कार्यक्रम रद्द केल्याचें जाहीर केलें. रद्द करारांची संख्या सुमारें ५२०० होती.

खातें हुकुमानें जन्मलें म्हणून हुकुमानें मोडतां येईल, कीं १९९८ च्या कायद्यानें त्यास मिळालेलें स्थान विधिमंडळच काढूं शकेल, हा वाद न्यायालयांत गेला. १८ मार्च रोजीं एका संघीय न्यायाधीशानें खातें मोडण्याची कृति बहुधा घटनाविरुद्ध आहे असें म्हटलें. २८ मार्च रोजीं वरिष्ठ न्यायालयानें त्या आज्ञेस स्थगिति दिली, आणि त्याच दिवशीं खात्याचें उरलेलें काम परराष्ट्रखात्याकडे घेण्याची योजना विधिमंडळास कळविण्यांत आली. १ जुलै रोजीं तीप्रमाणें अंमल झाला. पांच महिने व कांहीं दिवस, एवढ्या अवधींत जेमतेम ६४ वर्षांचा संसार आटोपला.

८. दप्तराची वाट

आतां आपल्या खऱ्या विषयाकडे वळूं. मार्च २०२५ मध्यें न्यायालयापुढें असें उघडकीस आलें कीं, मुख्य कचेरींतील नोकरांस तिजोऱ्यांतील गोपनीय कागद व नोकरांच्या फायली रिकाम्या करण्यास बोलाविलें होतें. कागद प्रथम फाडावयाच्या यंत्रांत घालावे, आणि यंत्र थकलें म्हणजे जाळावयाच्या पिशव्यांत भरावे, अशी लेखी सूचना होती. सरकारनें न्यायालयास सांगितलें कीं हे कागद बहुतेक इतर खात्यांच्या लेखांच्या प्रती होत्या व मुळें सुरक्षित आहेत. हें म्हणणें खरें मानलें तरी, प्रत कोणती, मूळ कोणतें व कोणत्या प्रतीच्या समासांत कोणी काय टिपलें होतें, याची यादी असल्यावांचून भावी संशोधकाचें समाधान होणार नाहीं. आपणांपैकीं ज्यांनीं एकाच बखरीच्या तीन प्रती ताडून पाहिल्या आहेत, त्यांस हें निराळें सांगावयास नको.

याखेरीज खात्यानें दशकानुदशकें प्रसिद्ध केलेल्या अहवालांचें जें भांडार संकेतस्थळावर सर्वांस खुलें होतें, तेंहि बंद झालें. दुष्काळ-सूचनेची यंत्रणा जानेवारींतच मूक झाली होती. आरोग्य-पाहण्यांच्या कार्यक्रमाचा पैसा फेब्रुवारींत थांबला. सरकारी संकेतस्थळांच्या प्रती उतरवून ठेवणाऱ्या ग्रंथालयांनीं व स्वयंसेवकांनीं यांतील पुष्कळसा भाग वांचविला. जुना भाग मात्र सुखरूप आहे. मेरीलँड प्रांतांतील कॉलेज पार्क येथें अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारांत यूएसएडच्या कागदांचा गट २८६ या अंकाखालीं, आणि १९४८ ते १९६१ च्या पूर्वगामी कचेऱ्यांचा गट ४६९ या अंकाखालीं ठेवला आहे.

दप्तरें कां वांचतात, याचें उत्तर आपल्या घरींच आहे. पेशव्यांच्या राज्यांत श्रावणमासची दक्षिणा हें एक मोठें दान-खातें होतें. तळेगांवच्या दाभाड्यांनीं आरंभिलेली ती प्रथा पुढें पेशव्यांनीं पुण्यास चालविली. पर्वतीच्या रमण्यांत ब्राह्मणांच्या झुंडी जमत. १८१८ नंतर इंग्रजांनीं ती आटवीत नेली; १८२१ सालीं विश्रामबाग वाड्यांतील पाठशाळेस व पुढें मराठी ग्रंथांच्या बक्षिसांस तिचा पैसा वळविला. दक्षिणा बुडाली; पण रमण्याचे हिशेब पेशवे दप्तरांत राहिले, म्हणून आपण तिजविषयीं साधार बोलूं शकतों. आणि तें दप्तर इंग्रजांनीं राखलें तें इतिहासप्रेमानें नव्हे; इनामांचे हक्क तपासण्यास त्यांस त्याची गरज होती. ज्या कागदाची कोणास गरज असते तो टिकतो. दानाच्या कागदाची गरज दात्यास राहिली नाहीं, तर तो राखण्याचें काम घेणाऱ्याकडे येतें.

९. विनंति

येथें लेखकानें आपलाहि एक अनुभव सांगितला पाहिजे, म्हणजे केवळ परक्यांस नांवें ठेवल्यासारखें होणार नाहीं. लहानपणीं आमच्या गांवच्या शाळेंत दुधाच्या भुकटीचें कोमट दूध मिळे, आणि रेशनच्या दुकानांत ‘मिलो’ नांवाची तांबडी ज्वारी येई. भाकरी थापतांना ती मोडे आणि आई कोणास तरी शिव्या देई. त्या कोणास, हें मला पुष्कळ वर्षांनीं कळलें. पुढें शिक्षक झाल्यावर एका शाळेच्या अडगळींत मला जुनें डेड स्टॉक रजिस्टर व दूध-वांटपाच्या वह्या सांपडल्या. त्यांबरोबर एक तागाचें पोतेंहि होतें. त्यावर एकमेकांत गुंतलेल्या दोन हातांचें चित्र, आणि हा माल अमेरिकेच्या जनतेची भेट असून विकावयाचा नाहीं अशा अर्थाचीं इंग्रजी अक्षरें होतीं. सुटींत त्या वह्या उतरून घेऊं असें मीं ठरविलें. सुटी संपून आलों तों खोली रंगविली होती व वह्या रद्दींत गेल्या होत्या. दोष शाळेपेक्षां माझाच अधिक. मला त्यांची किंमत कळत होती व मीं थांबलों. पोतें तेवढें राहिलें, कारण शिपायानें तें पायपुसणें म्हणून दाराशीं टाकलें होतें. तें आज माझ्या संग्रहीं आहे.

म्हणून वाचकांस विनंति अशी कीं, जुन्या पोथ्यांच्या शोधांत फिरतांना या नव्या कागदांकडेहि दृष्टि असूं द्यावी. जुनीं रेशनकार्डें, शाळांच्या दूध-वांटपाच्या वह्या, ग्रामसेवकांच्या शिक्षणाच्या पुस्तिका, सामूहिक विकास योजनेचीं पत्रकें, तारापूरच्या बांधकामावरील माणसांचे करारनामे व छायाचित्रें, कृषि-विद्यापीठांतून अमेरिकेस शिकावयास गेलेल्यांचीं घरीं आलेलीं पत्रें, पाहणीस गेलेल्या बायकांच्या रोजनिशा: हे सारे या खात्याच्या तिसऱ्या दप्तराचे कागद आहेत, आणि ते वॉशिंग्टनला कधींच नव्हते. वस्तु कोठें, कोणाकडून, केव्हां मिळाली, हें त्याच दिवशीं चिठ्ठीवर लिहून तिजबरोबर बांधावें. मजकूर क्षुल्लक वाटला तरी टाकूं नये. रमण्याच्या हिशेबांतील आंकडेहि लिहिणाऱ्या कारकुनास क्षुल्लकच वाटले असतील.

देणाऱ्यानें दिलें काय, तें त्याच्या खतावणींत सांपडेल. घेणाऱ्याच्या ताटांत पडलें काय, हें सांगणारा कागद आपल्याच माळ्यावर आहे, आणि त्यास वाळवी लागण्यापूर्वीं खालीं काढणें आपल्या हातीं आहे.